टाकीवर पाणी

आमच्या आक्का रोज सकाळी संडासच्या टाकीवर पाणी मारायच्या. बांधकाम नवं होतं तेव्हा मारायच्या ते ठीक होतं. मिस्त्रीनेच सांगून ठेवलं होतं, की सिमेंटला पंधरा दिवस पाणी पाजा, नाहीतर तडे जातील. पण पंधरा दिवस गेले, पावसाळा गेला, वर्ष सरलं, टाकीच्या झाकणांवर शेवाळ धरलं, तरी आक्कांचा तांब्या काही थांबेना. आंघोळ झाली, तुळशीला पाणी घातलं, की तांब्यातलं उरलेलं पाणी घेऊन त्या परसात जायच्या आणि टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हलक्या हाताने शिंपडायच्या. मग पदराला हात पुसत घरात यायच्या आणि चहा मागायच्या.

आम्ही सगळे हसायचो. आमचे हे म्हणायचे, "आक्का, आते त्यावर ट्रॅक्टर चढाडा तरी काही व्हत नही!" नाना, म्हणजे माझे सासरे, ओट्यावरून ओरडायचे, "आरे, तिले वाटस टाकीले कोंब फुटी!" आक्का आपला तांब्या पालथा घालून ठेवायच्या. फारच झालं तर एवढंच म्हणायच्या, "पाणी टाकाथीन कोनं वाईट व्हस का?" मीही हसायचे. नवी सून होते, सासूच्या वेडेपणावर सगळ्यांबरोबर हसायची ती एकच संधी मिळायची. ते हसणं आठवलं की आजही माझा घास हातातच राहतो.

मी धुळ्याची. वडील एसटीत मेकॅनिक, घर भाड्याचं, दोन खोल्यांचं, पण मागे संडास होता. शिंदखेड्याकडच्या या गावात माझं स्थळ आलं तेव्हा वडील घर बघायला आले. घर पाहिलं, गोठा पाहिला, आडाचं पाणी पिऊन बघितलं आणि चहाची बशी हातात असताना विचारलं, "संडास कुठे आहे?" नानांनी खुर्चीत बसल्याबसल्याच हात लांब केला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. "हाई बठ्ठं शिवार शे ना!" ओट्यावरची माणसं हसली. वडील हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मग नाना, मुलगी देता येणार नाही." सोयरीक मोडायला आली. नाना पंचायतीचे जुने मेंबर, गावात शब्दाला वजन. चारचौघांत असं कोणी त्यांना बोललेलं नव्हतं. पण माणूस दिलदार. जरा वेळ मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "आखाजीच्या आत बांधून देतो. सून यायच्या वर्षातच. शब्द शे मना." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया.

आक्का तेव्हा आतल्या दारात, पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. हे सगळं त्यांनी ऐकलं. आपल्या गुडघ्यांनी तीस-पस्तीस वर्षं जी वाट तुडवली, ती वाट येणाऱ्या सुनेसाठी एका चहाच्या बशीवर बंद होणार, हे ऐकताना त्यांना काय वाटलं असेल? मी विचारलं होतं एकदा. त्या म्हणाल्या, "काय वाटी? मी मनमां म्हनं, हाऊ बाप चांगला शे. मना बापले हाई सुचनं नही."

लग्नानंतरचे चार-सहा महिने मी आक्कांबरोबर गोदरीला जात होते. गोदरी म्हणजे गावाबाहेर, दोंडाईच्याच्या रस्त्यापलीकडे बायकांसाठी सोडलेली बाभळींची जागा. पहिल्या दिवशी तांबडं फुटायच्या आत आक्कांनी मला उठवलं, हातात डबा दिला, आपल्या हातात काठी घेतली. मी रडत होते. खरंच रडत होते, धुळ्याची लाडकी लेक मी. रस्त्यावरून ट्रकचा दिवा आला की सगळ्या बायका चटाचट उठून उभ्या राहायच्या. आक्का मात्र माझ्यासमोर येऊन, लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी पसरून, ट्रककडे पाठ करून उभ्या राहिल्या. "तू बस. मी शे ना." ट्रक गेल्यावर म्हणाल्या, "लाज कपडामां नही र्‍हास पोरी, देखनाराना डोयामां र्‍हास. आपन कसाले लाजानं?" रोज तोच पदर, रोज तीच काठी. माझ्या आईने माझ्यासाठी असं काही करायची वेळ कधी आली नव्हती. सासूने केलं.

चैत्रात मोठ्या नणंदबाईंचं बाळंतपण आलं म्हणून आक्का चाळीसगावला गेल्या. नानांना वाटलं हाच मोका. बायकांच्या कामात अडथळा नको, घरात धूळ नको, परत येईल तोपर्यंत सगळं तयार! धुळ्याहून मिस्त्री आले. चांगला, बोलका माणूस. त्यांनी परस बघितलं, आड बघितला आणि म्हणाले, आडापासून लांब पाहिजे, म्हणजे मागच्या अंगालाच घ्यावं लागेल. मागे दोन कोपरे होते. एका कोपऱ्याशी गोठा, दुसरा मोकळा, मेंदीच्या झुडपांआडचा, जिथे आम्ही बायका आंघोळीला बसायचो. नाना कौतुकाने म्हणाले, "सूनबाईले विचारा. तिनाकरताच शे ना हाई बठ्ठं!" मी डोक्यावरचा पदर सावरत बोट दाखवलं. मेंदीकडे. गल्लीतून दिसणार नाही म्हणून.

खड्डा खणायला दोन माणसं होती. कमरेइतकं खोल गेल्यावर एकाची कुदळ खापरावर लागली. मडक्याचे तुकडे निघाले, जवळच काळी पडलेली सुपारी आणि हिरवा झालेला तांब्याचा पैसा. झालं! नाना ओट्यावरून धावत आले. "आरे, पूर्वजांनी काही गाडेल शे का?" तो पैसा त्यांनी धोतराने घासून उन्हात धरला. खाली अजून खापरं निघाली, अजून एक पैसा. मग काय विचारता, दुपारभर माणसं माती चाळत बसली. गल्लीतले लोक कुंपणावरून डोकावून विचारत होते, "नाना, हंडा निंघना का?" आणि नाना म्हणत होते, "निंघी निंघी! तुमना वाटानं चांदीनं कडं ठेवसू!" मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते आणि तोंडाला पदर लावून हसत होते. हंडा काही निघाला नाही. माती ट्रॉलीत भरली आणि गल्लीच्या तोंडाशी पावसात पाणी साचायचं त्या खड्ड्यात टाकून दाबून घेतली. गल्लीने नानांचे आभार मानले.

टाकी मात्र मिस्त्रींनी फक्कड बांधली. तीन कप्पे, विटांचं काम, आतून गिलावा, वर फरश्यांची झाकणं, गॅस जायला उंच पाइप, पलीकडे विटांच्या तुकड्यांनी भरलेला शोषखड्डा. शेवटी त्यांनी टाकीत पाणी भरायला लावलं आणि बादलीभर शेण कालवून ओतलं. मी नाक धरलं तर म्हणाले, "दुधाला विरजण लावता ना ताई? तसं टाकीलाही लागतं." नानांना ते इतकं आवडलं की आल्यागेल्याला ते विरजण सांगायचे.

आक्का आल्या त्या दिवशी नानांचा उत्साह उतू चालला होता. पिशवीही खाली ठेवू दिली नाही, हाताला धरून परसात नेलं. "देख! धुयामां बी असा नही भेटाव!" आक्का उभ्या राहिल्या. पांढऱ्या भांड्याकडे त्यांनी बघितलं नाही, दाराकडे बघितलं नाही. खाली झाकणांकडे बघत राहिल्या. मग एकच विचारलं.

"माती कोठे टाकी?"

"गल्लीना खड्डामां. कसाले?"

"काही नही," आक्का म्हणाल्या आणि चूल पेटवायला गेल्या. मला वाटलं, प्रवासाने थकल्या. नानांचा चेहरा मात्र पडला. लेकरू पहिल्या नंबराचं प्रगतिपुस्तक दाखवायला यावं आणि आईने भाजी निवडत 'हं' म्हणावं, तसं झालं त्यांचं. दुसऱ्या दिवसापासून आक्का टाकीवर पाणी मारू लागल्या, आणि गल्लीच्या तोंडाशी आल्या की कडेच्या भिंतीला हात लावून, त्या दाबलेल्या मातीला वळसा घालून जाऊ लागल्या. ते वाकडं चालणं सगळ्यांना दिसत होतं. आम्ही म्हणायचो, गुडघे.

आक्का त्या संडासात कधी गेल्या नाहीत. कारणं मात्र भरपूर. सुरुवातीला म्हणाल्या, "इतला लोके गयात ते टाकी भरी जाई." ही भीती तेव्हा गावात सगळ्यांनाच होती, त्यामुळे कोणाला वावगं वाटलं नाही. मग म्हणाल्या, बंद खोलीत जीव कोंडतो. मग म्हणाल्या, गोदरीला गेल्याशिवाय बायकांची ख्यालीखुशाली कळत नाही. नाना समजावून थकले. एकदा तर त्यांनी आपलं रेडिओचं खोकं आणून संडासच्या भिंतीवर ठेवलं, म्हणाले, "ऐक, गाना ऐकत बस, जीव कोंडाव नही." आम्ही हसून हसून गडाबडा लोळलो. आक्काही हसल्या. "पोटले गाना समजत नही," म्हणाल्या, आणि काठी घेऊन निघाल्या.

पण नानांच्या हसण्यात हसू कमी असायचं. एकदा मी ताक द्यायला ओट्यावर गेले तेव्हा ते एकटेच होते. म्हणाले, "पोरी, ती मना वर रागे शे. तिनाकरता मी कव्हय बांधं नही, तुनाकरता बांधं. तिनं माले एक डाव म्हनेल व्हतं, पोटोशी व्हती तव्हय. मी म्हनं, देवघर शे तठे घान कसाले?" एवढं बोलून त्यांनी ताकाचा पेला तसाच खाली ठेवला. मलाही तेच वाटायला लागलं होतं. सासूच्या वाटचं आपण बसून उपभोगतोय असं. त्या रोज काठी टेकत रस्त्यापलीकडे जायच्या आणि मी मेंदीआड चार पावलांवर. कडी लावली की मला आतून त्यांच्या काठीचा टक्टक् आवाज ऐकू यायचा, गल्लीतून लांब जाणारा. मी पुष्कळ आर्जवं केली. "आक्का, तुम्ही येणार नसाल तर मीही तुमच्याबरोबर येते." त्या रागावल्या. "तू जाय व. तुनाकरता बांधेल शे. तू बाहेर दिखनी ते तुना बाप माले काय म्हनी?"

माझं पहिलं बाळंतपण धुळ्याला दवाखान्यात झालं. मुलगी झाली. आक्का दुसऱ्याच दिवशी दुपारच्या गाडीने आल्या, डब्यात खसखशीची खीर घेऊन. नातीला मांडीवर घेतलं, तिच्या टाळूला नाक लावलं, बोटं मोजली. मग इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "वार कोठे शे?"

मला समजलंच नाही. मग समजलं, बाळामागून पडते ती वार. मी म्हटलं, "आक्का, ते दवाखानावालेच टाकतात. कुठे तरी टाकली असेल."

"फेकी दिन्ही?"

त्यांचा आवाज ऐकून शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली. आक्का उठल्या, आयाबाईला विचारून आल्या, आणि रित्या हातांनी परत येऊन माझ्या पायथ्याशी बसल्या. बराच वेळ लेकराच्या दुपट्याची किनार चाचपत होत्या. मग त्यांनी सांगितलं. आमच्याकडे बाळंतीण मोकळी झाली की वार मडक्यात घालतात, वर हळदकुंकू, सुपारी, तांब्याचा पैसा. सुईण आणि घरातली म्हातारी मिळून ती परसात पुरतात. पुरुषाने तिकडे बघायचं नाही. मग बाळंतिणीच्या न्हाण्याचं पाणी त्यावरून जाऊ द्यायचं. ती जागा थंड राहिली पाहिजे. वाळली की लेकराच्या अंगात आग होते, लेकरू कितीही मोठं झालं तरी.

"मोठी मना माहेरले व्हयनी. बाकीनासनी वार तठे, घरनी मेंदीखाले," त्या म्हणाल्या. आमच्या ह्यांची, सुरतेला दिलेल्या धाकट्या नणंदेची, आणि एका मुलीची, जिच्याबद्दल त्या घरात मी कधी काही ऐकलं नव्हतं. पाचवी पुजायच्या आतच ती गेली होती. नदीकाठी पुरली आणि त्याच पावसाळ्यात पूर आला. "तिनं बठ्ठं पूरमां गयं. तठे तेवढंच व्हतं."

माझ्या कानात मडक्याची खापरं वाजायला लागली. गल्लीतले हसणारे लोक, उन्हात धरलेला पैसा, खिडकीत तोंडाला पदर लावलेली मी. मी म्हटलं, "आक्का, ती जागा मी दाखवली. मी बोट दाखवलं."

"माले माहीत शे. तुना सासरानी त्याच दिन सांगं."

"मग मला बोलला का नाहीत? मला मारायचं होतं तुम्ही!"

"तुले कसाले मारू? तू नवी व्हती, तुले काय माहीत?" आक्का लेकराकडे बघत होत्या. "पन तुना सासरा त्याच घरमां जन्मनात. मी त्यास्ना पोरं तठे आनात. त्यास्ले माहीत नको का? एक डाव बी विचारं नही, की हाई बाई रोज आंघोयनं पाणी त्याच कोपराले का टाकस." मग म्हणाल्या, "त्यास्ले सांगू नको. सांगीसन काय, माती परत येवाव शे का? आन् आते सांगं ते त्या रडतीन. माले ते देखाव नही."

मी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला.

त्यानंतरची वर्षं मी त्या घरात कशी काढली ते माझं मला माहीत. सकाळी कडी लावायची, डोळे मिटायचे, आणि मनात म्हणायचं, माफ करा गं.  बाहेर येऊन बघते तर आक्का टाकीवर पाणी शिंपडत असायच्या, आणि त्यांच्याकडे बघायची माझी छाती व्हायची नाही. एकदा त्यांनी मला रडताना पकडलं. पदराने माझं नाक पुसलं, लहान पोरीसारखं. "रडू नको. घरनी बाई जास ते परकी थोडी शे? त्या पोरं तुले वयखतस." बाकीचं घर मात्र आक्कांना हट्टी म्हणत होतं, गावंढळ म्हणत होतं. हे म्हणत, आक्काची जुनी खोड. नाना म्हणत, माझ्यावरचा राग. आणि मी, सगळं माहीत असलेली, पोळ्या लाटत गप्प. दिलेला शब्द पाळतेय असं मी स्वतःला सांगायचे. खरं सांगायचं तर मला नानांच्या तोंडाची भीती वाटायची. ते ऐकतील तेव्हा कसे दिसतील, ते बघायला मीही तयार नव्हते.

मग एका श्रावणात आक्का पडल्या. दिवसभर झड लागलेली, रस्त्याच्या कडेची चारी तुडुंब. संध्याकाळी दिवेलागणीच्या आत जाऊन येते म्हणून निघाल्या आणि चारी ओलांडताना पाय सरकला. बायकांनी आरडाओरडा केला, माणसांनी बाजेवर घालून आणलं. लुगडं चिखलाने माखलेलं, खुब्याचं हाड मोडलेलं, आणि त्या शुद्धीत राहून सारखं म्हणत होत्या, "पोरीले पहिले दूध पाजा, भूक लागनी व्हई."

धुळ्याला नेलं, ऑपरेशन झालं. व्हरांड्यात नाना येरझाऱ्या घालत होते. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघालं. "घरमां राजवाडासारखा संडास, आन् हाई बाई चारीमां पडीसन मरस! काय कमी करं मी? कितला डाव पाया पडनू तिना! मना वर राग काढाना म्हनून स्वतःना जीव देवाले निंघनी! हट्टी शे, दुष्ट शे ती!"

दुष्ट म्हणाले आणि माझं टाळकंच सरकलं. आयुष्यात सासऱ्यासमोर मान वर केली नव्हती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "नाना, त्या टाकीखाली तुमची लेक आहे."

"कोनती लेक?"

कोनती लेक! मी सांगितलं. पाचवीच्या आत गेली ती. मडकी कशाची होती ते सांगितलं. बोट मी दाखवलं तेही सांगितलं. शेजारी लोक बसले होते, कोणाची पर्वा केली नाही. नाना ऐकत होते आणि त्यांचा उजवा हात आपोआप वर आला, उन्हात काही तरी धरावं तसा. त्या हाताकडे ते बघत राहिले. "ते खापर," ते म्हणाले. "ते खापर मी हातमां लिधं व्हतं. पैसा घासा मी." आणि मग बाकावर बसून ते रडले, आक्कांना जे बघायचं नव्हतं तसे. मी त्यांच्या पाठीवर हातसुद्धा ठेवू शकले नाही. आम्ही दोघंही एकाच पापातले, कोण कोणाला समजावणार?

आक्का घरी आल्या त्या काठीवर, चार पावलं चालणं, पाय दुमडायचा नाही. नानांनी त्याच आठवड्यात आपला ओटा फोडला. हा ओटा म्हणजे नानांचं सिंहासन. पंचायतीचे निवाडे तिथे झाले, सोयरिकी तिथे जमल्या, माझ्या वडिलांची चहाची बशीही तिथेच खाली ठेवली गेली होती. तिथे त्यांनी नवी टाकी खणायला लावली, घराच्या दर्शनी भागात. आड तर केव्हाच आटला होता, गावात नळ आले होते. मिस्त्री म्हणाले, "नाना, मागची टाकी चांगली मजबूत आहे, पाइप टाकून तिलाच जोडू." नाना त्यांच्या अंगावरच धावले. "तिले हात लावाना नही!" मागचा संडास त्या दिवसापासून बंद झाला, दाराला कुलूप. खणायला लागण्यापूर्वी नानांनी शेजारच्या म्हाताऱ्या बायकांना एकेकीला बोलावून विचारलं, "आठे कोनं काही गाडेल शे का?" गाव हसलं. नानाने बैठक मोडून संडास बांधला, म्हणे, म्हातारपणी बायकोने नाचवला. नानांनी हसू दिलं.

मी शब्द मोडला हे आक्कांना कळलं होतं. नानांच्या डोळ्यांकडे बघूनच कळलं असणार. मी पाय चेपायला बसले तेव्हा म्हणाल्या, "सांगी टाकं ना तू?" मी मान खाली घातली. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. बरं केलंस म्हणाल्या नाहीत, वाईट केलंस म्हणाल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चहा कर." तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही, आणि त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

नव्या संडासात त्या गेल्या. मिस्त्रींनी खुर्चीसारखी बैठक करून दिली होती. पहिल्या दिवशी बाहेर आल्या आणि फोडलेल्या ओट्याकडे बघत म्हणाल्या, "आते लोके कोठे बसतीन?" नाना म्हणाले, "उभा र्‍हातीन." दोघं हसले. दोन पावसाळे त्यांना ते सुख मिळालं. पस्तीस-चाळीस वर्षांच्या बदल्यात दोन पावसाळे. मग थंडीत छाती भरली आणि गेल्या. त्यांच्या मागे टाकीवर पाणी मारायचं काम नानांनी केलं, ते गेल्यावर माझ्याकडे आलं. माझी मुलगी सुटीत आली की म्हणते, "आई, ते सिमेंट केव्हाच पक्कं झालंय गं." ज्या बोटाने मी ती जागा दाखवली, त्याच बोटांतून पाणी सोडते मी. त्याने काही फिटत नाही, हे मला कळतं.

पण आक्का म्हटलं की मला त्या पहिल्या दिवसाची सकाळच आठवते. नव्या संडासातून बाहेर येऊन त्या काठी टेकत सगळं घर ओलांडून परसाकडे आल्या. मी त्यांच्या दंडाला धरलं होतं. मागे नाना आधीच पोहोचले होते. आक्कांच्याने आता वाकवत नाही म्हणून त्यांनी स्वतःच पाणी आणलं होतं, तांब्याने नाही, चांगली भरलेली बादली. धोतर खोचून, पाय रोवून, शेतात पिकाला पाणी सोडायला दारं धरल्यासारखे ते भळाभळा पाणी ओतत होते. झाकणांवरून आपटून पाणी सगळीकडे उडत होतं. आक्का दारात थांबल्या. माझा हात सोडवून त्यांनी नानांकडे हात केला.

"धीरे," त्या म्हणाल्या. "धीरे टाका. पोरं निजेल शेतस."

नानांनी बादली खाली ठेवली. मग ते खाली बसले, बादलीत ओंजळ बुडवली, आणि थेंब थेंब पाणी सोडू लागले.